स्वतःच्या अभिनयाबद्दल कसं लिहावं? नाट्य विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यात नाटक शिकणाऱ्या मुलामुलींचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न वर्षभर येत असतात. कधी प्रवेशअर्ज भरायचा असतो, कधी एकांकिकेनंतर भूमिकेवर टिपण मागितलेलं असतं, कधी प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करायची असते. शब्द वेगळे असले तरी अडचण बहुतेकांची एकच असते. रंगमंचावर जे छान जमलं, ते कागदावर उतरवताना 'मी मन लावून काम केलं' एवढंच उरतं. खालची उत्तरं त्या अडचणीसाठी आहेत. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अभिनय ही करून दाखवायची गोष्ट. मग त्याबद्दल लिहायला का सांगतात?

पडदा पडला की प्रयोग संपतो. वाचणाऱ्याने तो पाहिलेला असेलच असं नाही. पाहिला असला, तरी त्याला जे दिसलं ते तुम्ही ठरवून केलं की आपसूक झालं, हे त्याला कळायला मार्ग नसतो. लिहून नेमकं तेच सांगायचं असतं. ठरवून केलेली गोष्ट पुढच्या प्रयोगाला पुन्हा करता येते. आपसूक झालेली बहुतेक वेळा निसटते. ज्याला आपण काय केलं हे सांगता येतं, त्याला महिन्याभराने पुन्हा उभं केलं तरी भूमिकेचं बेअरिंग, म्हणजे पात्राची ढब आणि पकड, लवकर सापडतं. त्यामुळे गुण मिळोत न मिळोत, या लिखाणाचा पहिला फायदा नटालाच होतो.

२. कोरं पान समोर आलं की काहीच सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

एका क्षणापासून. अख्ख्या भूमिकेबद्दल लिहायला बसलात की नाटकाची गोष्ट सांगण्यात पान संपतं. त्यापेक्षा एखादी एन्ट्री, एखादं वाक्य, एखादा पॉज घ्या. त्या क्षणी पात्राला समोरच्याकडून काय हवं होतं ते लिहा, मग ते मिळवायला तुम्ही आवाजाने किंवा शरीराने काय केलं ते लिहा. तालमीत आधी वेगळं काही करून पाहिलं असेल तर तेही, आणि ते का सोडलं हेही. शेवटी समोरच्या नटात किंवा प्रेक्षकांत काय बदललं ते. एवढं झालं की एक भरीव परिच्छेद हातात येतो. असे तीन क्षण निवडले तर टिपण तयार होतं.

हे जमायला तालमीची वही लागते, आणि वही त्याच दिवशी लिहावी लागते. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडलीत तर घणसोली येईपर्यंत चार ओळी होतात. तारीख, प्रवेश, आज काय बदललं, आणि दिग्दर्शकाने दिलेली सूचना त्याच्याच शब्दांत. भाषा सुधारायची गरज नाही. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात आठवून लिहिलेल्या वहीत सगळ्या तालमी सारख्याच दिसतात, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

३. 'मी भूमिकेशी समरस झालो', 'जीव ओतून काम केलं' असं लिहिलं तर काय बिघडतं?

अशी वाक्यं कोणीही, कोणत्याही भूमिकेबद्दल लिहू शकतो. वाचणाऱ्याला त्यातून तुम्ही दिसत नाही. एक नमुना पाहा. एकांकिका अशी धरा: नौपाड्यातली जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला जाते आहे आणि सत्तरीच्या आजीला संमतीपत्रावर सही करायची आहे. आजीचं काम करणारी मुलगी एकोणीस वर्षांची. तिने पहिल्यांदा लिहिलेलं असं असतं:

'मी आजीची भूमिका समरसून केली. सहीच्या प्रसंगात मी आजीचं दुःख अतिशय प्रभावीपणे व्यक्त केलं. माझी देहबोली आणि संवादफेक उत्तम होती.'

आता तेच काम, नीट पाहून लिहिलेलं:

'सहीच्या प्रसंगात आजीला रडायचं नाहीये. मुलासमोर तिला खंबीर दिसायचं आहे. म्हणून मी रडण्याऐवजी वेळ काढत राहिले. पेनाचं टोपण आधी नुसत्या हाताने ओढलं, निघालं नाही, मग पदरात धरून ओढलं. निघाल्यावर ते पेनाच्या मागे न लावता मुठीत धरलं आणि सही झाल्यावरही मूठ सोडली नाही. तालमीत सुरुवातीला मी हात थरथरवत होते, पण ती नुसती म्हातारपणाची थरथर वाटत होती, मनातली घालमेल दिसत नव्हती. थरथर काढून टाकल्यावर "कुठे करू सही?" हे वाक्य मला साधेपणाने विचारता आलं. त्या वाक्याला मुलाचं काम करणारा माझ्या नजरेला नजर न देता कागदाकडे बघायला लागला, आणि पुढचा पॉज आम्हाला तिथे मिळाला.'

दुसऱ्या परिच्छेदात स्वतःला एकही शाबासकी दिलेली नाही. तरी या मुलीला अभिनय कळतो, हे वाचणारा स्वतःहून ठरवतो. तुमच्या लिखाणावर एक साधी परीक्षा करून पाहा: 'अतिशय', 'उत्तम', 'प्रभावी', 'जिवंत' हे शब्द खोडा. वाक्यात काही शिल्लक राहिलं तर ते ठेवा. काहीच राहिलं नाही तर ते वाक्य अजून लिहायचं आहे.

४. कौशल्यांची नावं कोणती वापरायची? आंगिक, वाचिक हे शब्द घालावेत का?

स्वतःचं काम तपासायला भरताच्या नाट्यशास्त्रातली चार अंगं आजही फार सोयीची आहेत. आंगिक म्हणजे चाल, उभं राहण्याची ढब, नजर, हात, रंगमंचावरच्या हालचाली. वाचिक म्हणजे आवाजाची पट्टी, लय, शब्दावरचा आघात, पॉज, उच्चार, बोली. आहार्य म्हणजे वेशभूषा, रंगभूषा, हातातल्या वस्तू. सात्त्विक म्हणजे मनातला भाव शरीरावर आपोआप उमटणं. त्याबद्दल प्रश्न ७ पाहा.

यातलं आहार्य बहुतेक मुलं सोडून देतात, कारण कपडे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले असतात. पण कपड्यांचं तुम्ही काय केलंत हा अभिनयच आहे. नऊवारी नेसून जमिनीवरून न सावरता उठता येणं, चष्मा कोणत्या वाक्याला काढला, नवीन चपलेने चाल कशी बदलली, हे सगळं लिहिण्यासारखं आहे.

शास्त्रातले शब्द मथळ्यापुरते ठीक. लिखाण भारदस्त व्हावं म्हणून ते ओळीओळीत पेरू नका. तालमीत आपण जे बोलतो, म्हणजे बेअरिंग, टायमिंग, क्यू (समोरच्याने बोलायचा इशारा), ब्लॉकिंग (रंगमंचावरच्या जागा आणि हालचालींची आखणी), हशाची जागा, ते शब्द बिनधास्त वापरा. वाचणारेही नाटकातलेच असतात.

५. 'माझा आवाज मोठा आहे' याच्यापुढे आवाजाबद्दल मला काही लिहिता येत नाही. काय करू?

तुमचा आवाज कोणत्या जागेत काय करतो, हे लिहा. कॉलेजच्या हॉलमध्ये महिनाभर तालीम केली आणि प्रयोग वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये झाला, तर आवाज बदलावाच लागतो. तो कसा बदललात? काहीजण नुसते ओरडतात, आणि हळवा प्रवेश भांडणाचा वाटायला लागतो. काहीजण श्वासाच्या जागा बदलतात, काहीजण लय किंचित उतरवतात. ठाण्याच्याच घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरमध्ये काम केलं असेल तर उलट अनुभव येतो, तिथे मोठ्या थिएटरचा आवाज अंगावर येतो.

दुसरी जागा वाक्याच्या शेवटाची. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. 'मी तिला घरात घेणार नाही' या वाक्यात श्वास संपला आणि 'नाही' गिळलं, तर मागच्या रांगेला उलटाच अर्थ पोचतो. वाक्याचे शेवट गिळण्याची सवय तुम्हाला असेल, ती कोणी दाखवली, आणि ती घालवायला काय केलंत, हे दोन ओळींत लिहा. 'माझे उच्चार स्पष्ट आहेत' यापेक्षा त्या दोन ओळी जास्त सांगतात.

६. आमच्या घरी आगरी बोलतात. हे कौशल्य म्हणून लिहावं की लपवावं?

लिहावं, आणि वरच्या ओळीत लिहावं. हा प्रश्न ऐरोली, घणसोली, दिवा, उरण इकडून दरवर्षी येतो आणि दरवर्षी वाईट वाटतं, कारण विचारणाऱ्याने ती बोली कुठेतरी कमीपणाची मानायला शिकलेली असते. नटाकडे घरातून आलेली बोली असणं ही मोठी मिळकत आहे. शिकून घेतलेल्या बोलीत शब्द बरोबर येतात, पण हेल, थांबण्याच्या जागा, रागातला वेग हे मिळवायला फार वेळ जातो. तुमच्याकडे ते आहे.

लिहिताना मात्र नेमकं लिहा. संपूर्ण भूमिका आगरीत करता येते की फक्त हेल येतो? मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी यांपैकी काही येत असेल तर किती? 'सर्व बोलीभाषा येतात' असं लिहिणाऱ्याला ऑडिशनमध्ये तिथल्या तिथे बोलायला सांगतात.

प्रमाण मराठीसाठी ण आणि ळ यांचा सराव केला असेल तर 'उच्चारदोष सुधारले' असं लिहू नका. तो दोष नव्हता. 'दोन्ही उच्चार येतात आणि भूमिकेप्रमाणे निवडता येतात' असं लिहा, कारण खरं कौशल्य ते आहे.

७. प्रयोगात मला खरंच रडू आलं. हे लिहू शकतो का?

लिहा, पण त्यावर थांबू नका. अश्रू हा भरताने सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांपैकी एक. बाकीचे स्तंभ (जागच्या जागी खिळणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (कंप), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं) आणि प्रलय (शुद्ध हरपणं). तेव्हा नटाच्या डोळ्यांत पाणी येण्याला आपल्या परंपरेत मान आहे. तरीही 'रडू आलं' यातून काय घडलं तेवढंच कळतं, कौशल्य कळत नाही. कोणत्या वाक्याने किंवा कोणत्या विचाराने तिथपर्यंत पोचलात? रडू आल्यावर पुढचं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत गेलं का? पुढच्या प्रयोगाला काय झालं? पाणी आलं नाही आणि तुम्ही तेच वाक्य कोरडं म्हटलंत, तर त्याबद्दल जरूर लिहा. कधीकधी कोरडं वाक्यच जास्त लागतं.

८. लाइन गेली, फम्बल झालं (बोलताना अडखळलो), एन्ट्री चुकली. हे लिहिलं तर गुण कापतील का?

प्रयोग पाहिलेल्या परीक्षकाला चूक आधीच माहीत असते. ती टिपणात नसेल तर तुम्हाला ती कळलीच नाही असा अर्थ निघतो.

चूक लिहिताना माफी मागू नका आणि यादीही करू नका. एकच घ्या आणि तिच्या मुळाशी जा. 'मी नर्व्हस होतो' हे सहसा मूळ नसतं. मूळ असं असतं: तालमीत कप रिकामा होता, प्रयोगाला बॅकस्टेजवाल्यांनी खरा गरम चहा दिला, सगळं लक्ष कप न सांडण्याकडे गेलं आणि रोजचं पाठ असलेलं वाक्य निसटलं. मग त्या पॉजमध्ये तुम्ही काय केलंत? बशीत चहा ओतून फुंकर मारलीत आणि तेवढ्यात वाक्य आठवलं, तर तो अभिनय झाला, आणि चांगला झाला. पुढच्या तालमींना पाणी भरलेला कप घेतलात, हेही लिहा.

९. हशा आणि टाळ्या मिळाल्या, हे पुरावा म्हणून देता येईल का?

थोडं जपून. स्पर्धेला स्वतःच्या कॉलेजची मुलं बाल्कनीत असतात आणि ती एन्ट्रीलाही टाळ्या वाजवतात. हशा आला एवढ्यावर थांबू नका, तो तुम्ही कसा सांभाळलात ते लिहा. हसू उतरायच्या आत पुढचं वाक्य टाकलं तर ते बुडतं. पूर्ण शांतता होईपर्यंत थांबलं तर प्रवेश ढिला पडतो. मधली नेमकी जागा तुम्हाला मिळाली का, आणि थांबलेल्या त्या वेळात पात्र काय करत होतं? नट हशासाठी थांबलाय असं दिसू न देणं ही विनोदी कामाची मोठी परीक्षा आहे.

गंभीर प्रसंगात लोक हसले असतील तर तेही लिहा. कुठे हसले आणि तुमच्या मते का, इतकंच.

१०. दिग्दर्शकाने सांगितलं तसं केलं. मग त्यात माझं म्हणून काय लिहू?

दिग्दर्शक म्हणतो, 'दारापाशी थांब.' तो तुम्हाला थांबायची जागा देतो. पात्र तिथे कशासाठी थांबलं, हे तुम्हाला शोधावं लागतं. मागून हाक येईल अशी आशा आहे म्हणून थांबलेला माणूस आणि पुढे कुठे जायचं हेच ठाऊक नाही म्हणून थांबलेला माणूस वेगळे दिसतात; एकाचा कान मागे असतो, दुसऱ्याचा हात कडीवर रेंगाळतो. सूचना दिग्दर्शकाची होती हे प्रामाणिकपणे लिहा आणि तिच्या आत तुम्ही काय भरलंत ते पुढे लिहा. सूचना पटली नसेल, तरी ती करून पाहिलीत का आणि काय सापडलं, हे लिहिता येतं. श्रेय वाटून दिल्याने तुमचं काम कमी होत नाही.

११. मी गर्दीतला माणूस होतो, दोनच वाक्यं होती. पान कसं भरणार?

छोट्या भूमिकेवरची टिपणं पुष्कळदा नायकाच्या टिपणांपेक्षा सरस असतात, कारण त्यात ऐकण्याबद्दल लिहिलेलं असतं. रंगमंचावर ऐकता येणं हे कौशल्य आहे आणि त्याबद्दल फार कमी जण लिहितात.

समजा ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मचं दृश्य आहे आणि तुम्ही वाट बघणाऱ्यांपैकी एक आहात. तो माणूस कोण, त्याची गाडी चुकली तर त्याचं काय बिघडणार आहे, हे संहितेत नसतं. ते तुम्ही ठरवलंत का? इंडिकेटरकडे मान वर करून किती वेळा पाहिलंत, आणि पुढे मुख्य पात्रांचं भांडण सुरू झाल्यावर ते पाहणं का थांबवलंत? लक्ष आपल्याकडे ओढलं जाऊ नये म्हणून हालचाल बारीक करणं, तरीही मेल्यासारखं उभं न राहणं, हा तोल साधणं अवघड आहे. तो कसा साधला ते लिहा, पान पुरणार नाही.

१२. मी फक्त बॅकस्टेज केलं. ते अभिनयात धरता येईल का?

नाही. वेगळ्या मथळ्याखाली लिहा आणि अभिमानाने लिहा. प्रॉम्प्टिंग (अडलेल्या नटाला विंगेतून वाक्य पुरवणं) केलं असेल तर एक अपवाद आहे: नट कुठे अडतो आणि कोणत्या वाक्यांना श्वास पुरत नाही हे विंगेतून रोज पाहिलेलं असतं. ते निरीक्षण स्वतःच्या पुढच्या भूमिकेत वापरलं असेल, तर त्या भूमिकेच्या टिपणात येऊ द्या.

१३. मुलगा सातवीत आहे, नाट्यछटेच्या स्पर्धेसाठी चार ओळी मागितल्या आहेत. आम्ही लिहून द्याव्यात का?

त्याला विचारा आणि तो बोलेल ते उतरवून घ्या. 'आजोबांसारखा खोकलो तेव्हा सगळे हसले, मग मी हळू खोकलो' हे वाक्य मोठ्यांनी लिहिलेल्या परिच्छेदापेक्षा कितीतरी चांगलं आहे. शुद्धलेखन तेवढं तपासा.

१४. भूमिकेसाठी मी घरातला एक दुःखद प्रसंग आठवला. तो टिपणात लिहायचा का?

लिहिण्याची सक्ती कुणी करू शकत नाही, आणि सविस्तर लिहायची गरजही नाही. 'एक वैयक्तिक आठवण वापरली' एवढं पुरतं. त्यात दुसऱ्या कुणाचं आजारपण, भांडण, मृत्यू असेल तर ती त्या माणसाचीही गोष्ट आहे. टिपण वर्गात वाचलं जाऊ शकतं, हे लक्षात ठेवा.

अभिनयाच्या दृष्टीनेही आठवणीपेक्षा तिच्यातून काय उचललंत हे मोलाचं. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीने आधी भावनेच्या स्मृतीवर बरंच काम केलं, पण उत्तरायुष्यात त्याचा भर शारीरिक कृतीकडे वळला, कारण भावना हुकमी येत नाही, कृती मात्र करता येते. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले असताना तुम्ही हातातली पावती पुन्हापुन्हा घडी घालत होता आणि तीच कृती भूमिकेत आणलीत, तर ती कृती लिहा. प्रसंग कोणाचा होता हे कळण्याची कुणाला गरज नाही. आणि ती आठवण काढल्यावर रात्री झोप लागत नसेल, तर ती तालमीत वापरणं थांबवा आणि शिक्षकांशी बोला. कुठलीही भूमिका इतकी किंमत मागत नाही.

१५. प्रयोगाचा व्हिडिओ बघून लिहू की आठवणीने?

आधी आठवणीने, मग व्हिडिओ बघून. आत काय वाटत होतं आणि बाहेर काय दिसत होतं यांतला फरक हा टिपणाचा उत्तम विषय आहे. तुम्हाला युगासारखा वाटलेला पॉज व्हिडिओत जेमतेम श्वासाएवढा असतो. एक मात्र लक्षात ठेवा, मोबाइलचा कॅमेरा आवाजाची फेक आणि थिएटरमधली शांतता दाखवत नाही, त्यामुळे आवाजाचा निकाल व्हिडिओवरून लावू नका.

१६. प्रवेशअर्ज, ऑडिशनचा बायोडेटा आणि प्रात्यक्षिकाची वही यांत एकच मजकूर चालेल का?

चालणार नाही, तिन्हीकडे वाचणारा वेगळं शोधत असतो.

बायोडेटात गोष्ट नको, नोंद हवी: नाटक किंवा एकांकिका, लेखक, दिग्दर्शक, भूमिका, संस्था किंवा कॉलेज, स्पर्धा, वर्ष. युवा महोत्सवात काम केलं असेल तर एकांकिका, स्किट, मूकाभिनय, मोनो ॲक्टिंग यांपैकी काय ते स्पष्ट लिहा. खाली भाषा, बोली, गाणं, वाद्य, नृत्य, आणि प्रत्येकापुढे किती येतं ते. फक्त 'गायन' असं लिहू नका. 'सुरात गाते, नाट्यसंगीत शिकलेले नाही' असं लिहा. हे सगळं एका पानात बसवा.

प्रवेशअर्जात माणूस दिसायला हवा. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा नाट्य अभ्यासक्रम, कुठेही अर्ज करा, त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र नीट वाचा, अटी बदलतात. 'लहानपणापासून अभिनयाची आवड' ही ओळ जवळपास प्रत्येक अर्जात असते, ती काढा. तिच्या जागी एका भूमिकेबद्दल नेमकं लिहा आणि त्या कामात काय कमी पडलं, जे शिकायला तुम्ही येऊ इच्छिता, ते लिहा. मुलाखत बहुतेक त्याच ओळीपासून सुरू होते.

वहीबद्दल प्रश्न २ आणि ८ मध्ये आलं आहे.

१७. मराठीत विचार येतो, पण शाळा आयबी किंवा आयजीसीएसई बोर्डाची आहे. काय करू?

तालमीची वही मराठीत ठेवा. अंतिम टिपण इंग्रजीत द्यायचं असेल तर ते वहीवरून नव्याने लिहा, ओळीला ओळ बदलत बसू नका. या बोर्डांत शब्दमर्यादा काटेकोर असते आणि कोणत्या निकषावर किती गुण हे आधीच दिलेलं असतं, ते समोर ठेवून लिहा. नाटकाची गोष्ट सांगण्यात शब्द घालवले तर ते वाया जातात.

१८. एआयकडून लिहून घेतलं तर कळतं का?

बहुतेक वेळा कळतं. मजकूर गुळगुळीत असतो आणि त्यात पेनाचं टोपण नसतं (प्रश्न ३). तुमच्या तालमीत काय झालं हे त्याला ठाऊक नाही, त्यामुळे ते एकतर मोघम लिहितं किंवा न घडलेलं लिहितं. मुलाखतीत परीक्षक टिपणातलं एक वाक्य घेऊन 'हे करून दाखव' म्हणतात, तेव्हा त्याचा उपयोग होत नाही. स्वतः लिहिलेल्या मजकुराचं शुद्धलेखन तपासायला वापरायचं असेल तर आधी शिक्षकांना विचारा. काही ठिकाणी तेही नोंदवावं लागतं.

१९. सहकलाकाराने क्यू दिलाच नाही आणि माझा प्रवेश पडला. हे लिहू का?

तुमच्या बाजूने लिहा. 'समोरून क्यू आला नाही. मी दोन पावलं पुढे जाऊन त्याचाच प्रश्न माझ्या तोंडून विचारला आणि संवाद पुढे नेला.' कोण चुकलं, का चुकलं, याआधी किती वेळा चुकलं, हे तुमच्या टिपणात येऊ नये. तुम्हालाही काही सुचलं नसेल तर तसं लिहा आणि आता काय कराल ते लिहा.

परीक्षकांच्या शेऱ्याशी मतभेद असेल तरी हीच रीत. शेरा जसाच्या तसा नोंदवा, तुम्ही काय करायचा प्रयत्न करत होता ते सांगा आणि ते पोचलं नाही तर कुठे अडलं असेल याचा विचार करा. बक्षीस मिळालं नाही याचं दुःख खरं असतं, पण ते ओसरू द्या. टिपण दोन दिवसांनी लिहा.

२०. आयत्या वेळी रिप्लेसमेंट म्हणून उभा राहिलो. सगळं आधीच्या नटानेच बांधलेलं होतं. माझं काय?

रिप्लेसमेंटबद्दल लिहायला खूप असतं. हालचाली आणि क्यू ठरलेले, बाकीच्यांना सवय आधीच्या माणसाच्या लयीची, आणि तालमीला दिवस नाहीत. अशा वेळी आधी काय पाठ केलंत, वाक्यं की जागा? आधीच्या नटाचं काय तसंच ठेवलंत आणि काय तुमच्या अंगावर बसेना म्हणून बदललंत? त्याची उंची जास्त असेल, तो ज्या वाक्याला नुसता उभा राहून दरारा निर्माण करायचा तिथे तुम्हाला बसून, आवाज खाली आणून तेच साधावं लागलं असेल. सहकलाकारांना तुमच्या पॉजची सवय व्हायला किती वेळ लागला तेही लिहा. आधीच्या नटाने बांधलेल्या कामाचा उल्लेख जरूर करा.

प्रयोगच रद्द झाला आणि फक्त तालमी झाल्या असतील, तर तालमींवर लिहायला हरकत नाही. 'प्रयोग झाला नाही' हे पहिल्याच ओळीत सांगा आणि प्रेक्षकांच्या प्रतिसादाऐवजी रंगीत तालमीला पाहणाऱ्यांनी काय सांगितलं ते द्या. रंगीत तालीमही झाली नसेल, तर सहकलाकाराला विचारा की तुमच्या कोणत्या वाक्याला त्याला उत्तर द्यावंसं वाटायचं, आणि तिथून लिहायला लागा.